पायऱ्या किती आहेत?

"त्या मोबाईलवर बघ रे जरा, बनशंकरीला पायऱ्या किती आहेत?"

परवा रात्री जेवणं आटोपल्यावर आईने विचारलं. आई आता ७४ वर्षांची आहे. डावा गुडघा बदलून सहा वर्षं झाली, उजवा बदलायला ती तयार नाही. ("एक दिला की तुम्हाला. अजून किती?") बदामीची बनशंकरी आमची कुलदेवता. नव्या नवरीला देवीच्या पाया पडायला नेतात तसं आईलाही नेलं होतं, सोलापूर-गदगच्या मीटरगेज गाडीने. ती गाडी कशी रमतगमत जायची, कोळशाचे कण शालूवर कसे पडले आणि सासूबाई कशा रागावल्या, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय.

प्रश्न सोपा होता. मी मोबाईल घेऊन बसलो आणि साडेअकरापर्यंत वाचत राहिलो. शंभरेक अभिप्राय सहज वाचले असतील. 'व्हेरी नाइस टेंपल.' 'पीसफुल प्लेस, मस्ट व्हिजिट.' एकाने नुसतेच जोडलेले हात टाकलेत, चार वेळा. एकाने पाच तारे देऊन खाली लिहिलंय की अजून जाणं झालेलं नाही, पण फार इच्छा आहे. देवळासमोरच्या तळ्याचे फोटो दोन-तीनशे तरी असतील, त्यातल्या निम्म्या फोटोंत तळं कमी आणि फोटो काढणारा जास्त.

पायऱ्या किती, हे कोणीही लिहिलेलं नाही.

आई तोवर झोपली होती. मग मी एकटाच विचार करत बसलो आणि त्यातून हे सगळं निघालं. बऱ्याच महिन्यांनी लिहितोय, तेव्हा थोडं लांबेल. सांभाळून घ्या.

आमचं गाव कुंभारी, सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावर, सोलापूरपासून दहा-बारा किलोमीटरवर. (तशा महाराष्ट्रात कुंभाऱ्या बऱ्याच आहेत. एक सांगली जिल्ह्यात जत तालुक्यात, एक तिकडे कोपरगावजवळ. पुण्याच्या मावसभावाने एकदा मोबाईलवर नुसतं 'कुंभारी' घातलं आणि वेगळ्याच कुंभारीचं अंतर बघून फोन केला, "अरे, तू इतका लांब कधीपासून राहायला लागलास?" ः) ) अक्कलकोटला जाणारी स्वामीभक्तांची गर्दी आमच्या दारावरून जाते. रस्ता रुंद झाल्यापासून गाड्या फारशा थांबत नाहीत, पण आमच्या लहानपणी हमखास थांबायच्या. पायी जाणारेही असायचे, अजूनही असतात. चहाच्या टपरीशी टेकून घाम पुसत विचारायचे, "काय हो, अक्कलकोट अजून किती राहिलं?"

आणि टपरीवर बसलेला कोणीही, अगदी कोणीही, एकच उत्तर द्यायचा. "हे काय, आलंच की आता!"

कुंभारीहून अक्कलकोट अजून पंचवीस-तीस किलोमीटर आहे. पायी जाणाऱ्या माणसाला ते 'आलंच की' कसं होईल? पण सांगणाऱ्याच्या मनात खोटं बोलायचं नव्हतं. दमलेल्या माणसाला अंतर सांगून कशाला अजून दमवायचं, असा तो भाव. ते उत्तर नव्हतंच, पाठीवर ठेवलेला हात होता. एकदा मी, तेव्हा आठवीत असेन, शहाणपणा करून एका घामाघूम झालेल्या काकांना सांगितलं, "सत्तावीस किलोमीटर." टपरीवाल्याने माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी त्यांच्या पाण्याच्या तांब्यात माती टाकली.

तर मंडळी, माझं म्हणणं असं आहे, की इंटरनेटवरचे पाच तारे म्हणजे बहुतेक वेळा हेच 'आलंच की' असतं. लिहिणारा सुखाने जाऊन आला, घरी परतला, देवाचं किंवा हॉटेलवाल्याचं भलं चिंतलं, मोकळा झाला. त्यात खोटं काही नाही. फक्त माहिती नाही. आणि एक तारा म्हणजे बहुतेक वेळा उतरायचा राहिलेला राग. त्यातही खोटं नसतं, उलट त्यात माहिती जरा जास्त असते. रागावलेला माणूस तपशीलात शिरतो ना! 'लिफ्ट नाही, खोली दुसऱ्या मजल्यावर दिली, गरम पाणी सकाळी आठला बंद.' त्याच्यासाठी ह्या तीन तक्रारी असतील, माझ्यासाठी तीन उपयोगी गोष्टी आहेत. दुसऱ्या कोणी लिहिलेलं असतं, 'जेवायला फक्त ज्वारीची रोटी आणि चटणी मिळते, दुसरं काहीच नाही, अजिबात जाऊ नका.' एक तारा. अहो, सोलापूरच्या माणसाला ही जाहिरात आहे! बनशंकरीच्या देवळाबाहेर बायका टोपल्या घेऊन ज्वारीच्या रोट्या, भाजी, दही विकायला बसतात. आई अजून त्या दह्याची आठवण काढते.

विजापूरचा (आता विजयपूर म्हणायचं) गोलघुमट घ्या. बदामीला जाताना वाटेतच लागतो. त्याच्याबद्दल दोन तऱ्हेचं वाचायला मिळतं. काही जण म्हणतात, भिंतीशी केलेली कुजबुज पलीकडे स्पष्ट ऐकू येते, आयुष्यात विसरणार नाही असा अनुभव. काही म्हणतात, नुसता कालवा, डोकं दुखलं, पाच मिनिटांत खाली उतरलो. मग खरं काय? दोन्ही. सकाळी उघडताक्षणी वर गेलात, तर चपलेची करकर सुद्धा पलीकडे जाते. अकरा वाजता दोन शाळांच्या सहली एकदम वर असल्या, की प्रत्येक पोराची आरोळी सात-आठ वेळा फिरून येते आणि शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. घुमट तोच. बांधणाऱ्याने त्यात चांगला आवाज आणि वाईट आवाज असा भेद ठेवलेला नाही, जो आत जाईल तो परत येणार. आणि ती सज्जा आहे कोपऱ्यातल्या सातमजली मिनाराच्या अरुंद जिन्याने वर चढून गेल्यावर. हे मात्र क्वचितच कोणी लिहितं, कारण ज्यांना चढता आलं तेच लिहितात. जे खाली बाकावर बसून राहिले, त्यांचा अभिप्राय कुठेच नसतो.

हे शेवटचं वाक्य लिहून मी थोडा थांबलो. कारण आता जे सांगायचं आहे ते सोपं नाही.

२००७ साली आम्ही मित्र नाशिककडे फिरायला गेलो होतो. सप्तशृंगीला, वणीच्या गडावर गेलो. मी ३२ वर्षांचा होतो. परत आल्यावर अर्थातच लिहिलं. तेव्हा प्रत्येक गोष्टीवर लिहायची हौस होती, आणि चार लोक 'छान लिहिलंय' म्हणायचे. परवा ते जुनं पान काढून पाहिलं. सकाळच्या धुक्यावर दीड परिच्छेद आहे. नांदुरीच्या घाटातल्या वळणांवर एक. आणि मग हे वाक्य आहे : 'गाडी थेट गडावर जाते. पुढे थोड्या पायऱ्या आहेत, पण बोलत बोलत कधी संपतात कळतही नाही.'

माझ्या आत्याने ते वाचलं. वाचलं म्हणजे आतेबहिणीने छापून आणून दिलं, आणि आत्याने ते पिशवीत घडी घालून ठेवलं. भाच्याने लिहिलेलं! पुढच्याच वर्षी आत्या आणि तिचे यजमान, म्हणजे आमचे काका, शिर्डी करून वणीला गेले. काका तेव्हा ६६ वर्षांचे होते आणि त्यांना दम लागायचा, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. मलाही. आत्याने निघण्याआधी मला फोनसुद्धा केला होता. "काकांना जमेल ना रे?" मी म्हणालो, "आत्या, काही नाही गं. आरामात जमेल."

आलंच की.

गडावर गाडी उभी राहते तिथून देवीपर्यंत सुमारे पाचशे पायऱ्या आहेत. पाचशे. काका निम्म्याच्या आसपास पोचले आणि बसले. छातीत दुखायला लागलं. दोन अनोळखी मुलांनी त्यांना खांद्याला धरून खाली आणलं, तिथून नाशिकला. चार दिवस दवाखान्यात होते. वाचले. पण पुढे नऊ वर्षं जगले, त्यात परत कुठल्याही देवाच्या पायऱ्या चढले नाहीत. मला कधी एका शब्दाने बोलले नाहीत. फक्त लग्नाकार्यात भेटले, की माझ्याकडे बघून डोळे मिचकावत म्हणायचे, "काय लेखक? बोलत बोलत संपतात म्हणे!" आणि मोठ्याने हसायचे. सगळे हसायचे. मीही हसायचो.

काका २०१७ साली गेले. २०१८ साली वणीच्या गडावर ट्रॉली सुरू झाली, तीच ती फ्युनिक्युलर. आता म्हातारी माणसं त्यात बसून वर जातात.

आत्या, तू हे वाचशील, म्हणून इथेच सांगतो. समोर बसून सांगायला मला सतरा-अठरा वर्षं जमलं नाही.

मी तेव्हा खोटं लिहिलं होतं का? नाही. माझ्या पायऱ्या खरंच बोलत बोलत संपल्या होत्या. चूक तिथे नव्हती. चूक ही होती, की मी आकडा लिहिला नाही आणि ३२ वर्षांचा आहे, हेही लिहिलं नाही. एवढं असतं तर आत्याने वाचताक्षणी ओळखलं असतं. आणि फोनवर तर मला माणूस माहीत होता, त्याचा दम माहीत होता, तरी मी धीर दिला, माहिती दिली नाही.

हल्ली खोट्या परीक्षणांबद्दल फार बोललं जातं. पैसे देऊन लिहून घेतात वगैरे. ते खरंच आहे. २०१७ साली लंडनमध्ये ऊबा बटलर नावाच्या एका लेखकाने आपल्या घरामागच्या शेडलाच हॉटेल म्हणून ट्रिपॲडव्हायझरवर चढवलं. पदार्थांच्या फोटोत दाढीचा फेस वगैरे वापरला, ओळखीच्यांकडून कौतुकं लिहून घेतली, आणि ते नसलेलं हॉटेल काही महिन्यांत लंडनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. लोक टेबल मिळावं म्हणून फोनवर गयावया करत होते. आपल्याकडेही नोव्हेंबर २०२२ मध्ये भारतीय मानक ब्युरोने ऑनलाइन परीक्षणांसाठी एक मानक काढलं, लिहिणारा खरा आहे का ते तपासा, विकत घेतलेली परीक्षणं छापू नका, असं सांगणारं. पण ते ऐच्छिक आहे. पाळायचं त्याने पाळायचं.

पण मला खोट्यांची तितकी भीती वाटत नाही. खोटं ओळखता येतं हो थोड्या सरावाने. सगळी एकाच आठवड्यात आलेली, सगळ्यांची भाषा एकसारखी गुळगुळीत, आणि लिहिणाऱ्याने जन्मात दुसरं काही लिहिलेलं नाही. माझ्या काकांना दवाखान्यात घालवलं ते खोट्या परीक्षणाने नव्हे. ते एका सज्जन, प्रामाणिक, देवभोळ्या (आणि थोड्या आगाऊ) माणसाने मनापासून लिहिलेलं होतं. त्याला कुठल्या मानकात धरणार?

दुसरी गोष्ट तारखेची. माझं ते २००७ चं पान अजून सापडतं. ट्रॉलीचा त्यात पत्ता नाही. म्हणजे एका बाजूने ते धोक्याचं होतं, आणि आता दुसऱ्या बाजूने उगाच घाबरवणारं ठरेल. मागच्या आठवड्यात मी त्याच्या डोक्यावर दोन ओळी टाकल्या : पायऱ्या सुमारे पाचशे, २०१८ पासून ट्रॉली आहे, लिहिणारा तेव्हा ३२ वर्षांचा होता. पुसून टाकावं असं वाटलं होतं, पण खाली आत्याच्या नावाने आतेबहिणीने लिहिलेली प्रतिक्रिया आहे, 'वाचून लगेच जावंसं वाटलं.' ती पुसवेना.

शिळी माहिती किती महाग पडते त्याचं उदाहरण आपल्याच राज्यात घडलंय. जानेवारी २०२१ मध्ये कळसूबाईला निघालेली एक गाडी रात्री अकोले तालुक्यात कोतूळजवळ मोबाईलच्या नकाशाने दाखवलेल्या जवळच्या रस्त्याने गेली. त्या रस्त्यावरचा जुना पूल धरणाच्या पाण्याखाली होता. नकाशात पूल होता, रात्री पाण्यावर काही दिसत नव्हतं. दोघं पोहून बाहेर आले, गाडी चालवणारा बुडाला. पूल वर्षातले काही महिने पाण्याखाली असतो, हे कोतूळच्या शाळकरी पोराला माहीत असणार. त्याला विचारायला कोणी थांबलं नाही, एवढंच.

अर्थात थांबून विचारलं म्हणजे ऐकलं असं नाही. विष्णुभट गोडसे वसईकडचे नव्हेत हं, पेणजवळच्या वरसईचे, (माझा नेहमी घोळ होतो) १८५७ साली काकांबरोबर उत्तरेत निघाले ते एका बातमीवर. बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार आहेत, भिक्षुकांना भरपूर दक्षिणा मिळेल. आजच्या भाषेत पाच तारे! वाटेत महूजवळ शिपायांनी त्यांना सांगितलं, की बंड होणार आहे, परत फिरा. आतल्या माणसांनी, फुकट, वेळेवर दिलेला सल्ला. तरी ते पुढे गेले, आणि झाशीच्या वेढ्यात सापडले. त्यामुळे आपल्याला 'माझा प्रवास' मिळालं, ही गोष्ट वेगळी. पण गोडसे भटजींच्या घरच्यांना विचारलं असतं तर त्यांनी पुस्तकापेक्षा माणूस वेळेवर परत आलेला पसंत केला असता.

आमच्या गावात विडी कामगार बायकांची मोठी वसाहत आहे, गोदूताई परुळेकरांच्या नावाची. दहा हजार घरं, २००६ साली त्यांना मिळाली. तिथल्या बऱ्याच बायका तेलुगू बोलणाऱ्या. दरवर्षी पैसे साठवून, बस ठरवून तिरुपती, श्रीशैलम करून येतात. आमच्या ओळखीच्या एक मावशी आहेत, त्या अशी बस ठरवण्यात पटाईत. त्यांना मी विचारलं होतं, की तुम्ही कसं ठरवता कुठली गाडी, कुठली धर्मशाळा? त्या म्हणाल्या, "मागच्या खेपेला गेलेल्या बाईकडं जायाचं. छान झालं का विचारायचं नाही. सगळ्याच छान म्हणतात, पैसे घातलेत ना! आजारी कोण पडलं, ते विचारायचं. बाथरूमला पाणी पहाटे होतं का, ते विचारायचं. डायवर रात्री झोपला का, ते विचारायचं."

मी हातात मोबाईल घेऊन ऐकत होतो.

आणि मग म्हणाल्या, "आणि अमकीला तर विचारायचंच नाही. तिला सगळंच आवडतं." ह्यात सगळं आलं बघा. त्यांना सांगणारा माणूस माहीत असतो. कोणाला सगळंच आवडतं, कोण उगाच कुरकुर करतं, कोणाचे गुडघे आपल्यासारखे आहेत. आपण मात्र ज्याचं आडनावही माहीत नाही, त्याच्या पाच ताऱ्यांवर आईला घेऊन निघतो.

तेव्हापासून माझी वाचायची पद्धत जरा बदलली आहे. तारे बघत नाही. तारीख बघतो, महिना तर नक्कीच. डिसेंबरात आलेल्या माणसाने सोलापूरला 'प्लेझंट वेदर' लिहिलं तर त्याचा दोष नाही, पण ते वाचून एप्रिलमध्ये येणाऱ्याचं काय होईल ते आपण जाणतो. मग लिहिणारा कोणाबरोबर गेला होता ते शोधतो. 'आम्ही सहा मित्र' असं आलं की पुढे जातो. 'बाबांना', 'सासूबाईंना', 'लहान बाळ' असं दिसलं की थांबतो. आणि सगळ्यात उपयोगाचे म्हणजे फोटो, पण देवळाचे नव्हेत. फोटोतली म्हातारी माणसं शोधतो. कुठपर्यंत दिसतात? कठड्याला धरून आहेत का? बसलेली असतील तर कशावर बसलीत? चपला कुठे काढल्यात आणि तिथून सावली किती लांब आहे? दुपारी अनवाणी दगडावरून चाललेलं माणूस चेहऱ्यावरून ओळखू येतं.

आणि अपेक्षा काय घेऊन गेला होता, तेही बघावं लागतं. आमच्या नान्नजच्या माळढोक अभयारण्याबद्दल 'पक्षी दिसलाच नाही' म्हणून रागावणारे भेटतात. माळढोक इथे आता हातावर मोजण्याइतकेही उरले नाहीत, ही बातमी आहे, अभयारण्याची चूक नव्हे. त्याच माळावर काळवीट दिसतात, नशीब असेल तर लांडगा दिसतो. पण तो पक्षी बघायलाच आला होता. त्याचा एक तारा बरोबर, आणि आपल्या काही उपयोगाचा नाही.

इथपर्यंत लिहून मी स्वतःवर खूष झालो होतो. काल सकाळी आईला वाचून दाखवलं. वणीचा भाग आला तेव्हा ती काही बोलली नाही, शेंगा सोलत राहिली. सगळं संपल्यावर म्हणाली, "ते बरोबर आहे. पण तीन वर्षं झाली, ते कुठं लिहिलंस?"

खरंच नव्हतं लिहिलं.

आई तीन वर्षांपासून बनशंकरीला जाऊ म्हणतेय. पहिल्या वर्षी मी वाचलं, की पौष पौर्णिमेला जत्रेची फार गर्दी असते. म्हणून पौषात नको. पुढे उन्हाळा लागला, ऊन फार असतं असं चार जणांनी लिहिलेलं. दुसऱ्या वर्षी पावसाळ्यानंतर जाऊ म्हटलं, तर राहायच्या जागांबद्दल काहीबाही वाचलं. प्रत्येक वेळी मला एक अभिप्राय सापडला, आणि प्रत्येक वेळी तो खरा होता. ऑफिसात रजा मागायची, गाडी करायची, वाटेत तिला काही झालं तर काय, ह्या सगळ्यातून तो मला अलगद सोडवायचा. वणीनंतर मी एवढा सावध झालो, की सावधपणाचा मला चांगलाच उपयोग व्हायला लागला. आणि ह्या तीन वर्षांत उजवा गुडघा काही थांबलेला नाही. तीन वर्षांपूर्वी ती जिना चढून गच्चीत पापड वाळत घालायची. आता घालत नाही.

तेव्हा ज्यांनी 'मस्ट व्हिजिट' लिहिलंय त्यांची मी वर जरा टिंगल केली, त्यांना एवढं तरी म्हटलं पाहिजे, की ते निघाले होते.

काल दुपारीच ऑफिसातल्या एका सहकाऱ्याला गाठलं. त्याची सासुरवाडी बागलकोटकडची. त्याने बनशंकरीच्या देवळाबाहेर नारळ-फुलांचं दुकान असलेल्या एका गृहस्थांचा नंबर मिळवून दिला. मी फोन लावला. माझं कन्नड म्हणजे सोलापूरच्या बाजारात भाजी घेण्यापुरतं. तरी विचारलं, "मेट्टिल एष्ट अदाव री?" पायऱ्या किती आहेत?

पलीकडून उत्तर आलं नाही. प्रश्न आला. "यारिगे री?" कोणासाठी?

इतक्या रात्री इतकं वाचलं, कोणीही मला हे विचारलं नव्हतं. मी म्हटलं, आईसाठी. वय किती, काठी आहे का, खाली बसता येतं का, असं त्यांनी एकेक विचारलं. मग सांगितलं, की मंगळवार-शुक्रवार टाळा, सकाळी लवकर या, गाडी समोर लावा आणि माझ्या दुकानात या. दुकानात प्लास्टिकची खुर्ची आहे, ती आत घेऊन जा, आजी दमल्या की बसतील. जाताना परत द्या म्हणजे झालं.

पुढच्या बुधवारी निघतोय. विजापुरात एक मुक्काम, मग बदामी. आल्यावर लिहीन, आकड्यांसकट. आईने कडक भाकऱ्या आणि शेंगाचटणी कालपासूनच बांधायला घेतली आहे. मी तिला सांगितलं, की देवीचं दर्शन होईल, पण बदामीची लेणी डोंगरात एकावर एक चढत जातात, तिथे पायऱ्याच पायऱ्या आहेत आणि माकडंही फार. ती मी आणि मुलं बघून येऊ. तू खाली सावलीत बस.

"बघू की तिथं गेल्यावर," आई म्हणाली.